सेमीर डोंगराची पोकळी

"ही नैसर्गिक गुहा नाही," डॉ. श्रीरंग केळुसकर म्हणाले. "गुहा दर आठवड्याला मोठी होत नाही."

चौदा राष्ट्रांच्या परिषदेचं सभागृह ऐकत होतं. भिंतीएवढ्या पडद्यावर सेमीर डोंगराचं चित्र होतं. काळसर, शंकूसारखं आणि मधोमध एक फिकट डाग. केळुसकरांनी एक बटण दाबलं आणि डाग वाढू लागला. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत डोंगराच्या पोटात एखादं क्रिकेटचं मैदान मावेल एवढी पोकळी दिसत होती.

शाल्मली जगदाळे हे पुण्याहून, पाषाणच्या केंद्रातून बघत होती. ते चित्र तिनेच बनवलेलं होतं. परिषदेच्या शस्त्रपडताळणी आयोगात ती नऊ वर्षं होती आणि या चित्रामागची प्रत्येक ओळ तिच्या हातून गेली होती. चित्रात खोट काढावी असं काहीच नव्हतं. फक्त केळुसकर सरांनी शस्त्रांचा 'कारखाना' असा शब्द उच्चारला तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिने स्वतः तो कुठेच लिहिलेला नाही. तिने लिहिलं होतं, 'वस्तुमानात घट'.

अर्ध्या तासात ठराव झाला. ओर्झान देशाने निरीक्षकांना आत येऊ द्यावं, नाहीतर बारा एप्रिलला सेमीर डोंगरावर हवाई हल्ला होईल. ओर्झानच्या लष्करशहाने त्याच संध्याकाळी दूरचित्रवाणीवर हसत सांगितलं, "आमच्या डोंगरात काय आहे ते आमचं आम्हाला माहीत आहे." आहे म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्याला भीतीच हवी होती.

म्युऑन हा कण कुणाला दिसत नाही, पण तो सगळ्यांच्या अंगावर सतत पडत असतो. अवकाशातून येणारे किरण वातावरणाच्या वरच्या थरावर आदळले की त्यातून हे कण जन्मतात आणि खाली कोसळतात. तळहात पसरलात तर दर सेकंदाला एखाददुसरा त्यातून आरपार जातो. दगडातूनही जातो, पण दगड जितका जाड आणि जड, तितके जास्त कण वाटेत अडतात. म्हणून डोंगराच्या पायथ्याशी एक मोठी पाटी उभी करायची आणि कोणत्या दिशेने किती कण आले ते मोजायचं. जिथून जास्त आले तिथे डोंगर पोकळ. क्ष-किरणांनी हाडं दिसावीत तसा डोंगर आतून दिसतो, तोही त्यावर पाऊल न ठेवता.

२०४१ साली आयोगाकडे अशा अकरा म्युऑन दुर्बिणी होत्या. त्यांतली एक ओर्झानच्या सीमेपलीकडे, दरीच्या या बाजूला शेजारच्या देशात उभी होती. बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी. सेमीरच्या पोकळीच्या दिशेने नोव्हेंबरात दिवसाला ८,६०० कण येत होते. आता १०,००० येत होते. आत काहीतरी नाहीसं होत होतं. डोंगरात शिशाची एक जुनी बंद खाण होती, तिच्या तोंडाशी पहारा होता, ट्रकांची ये-जा होती. त्यामुळे काय नाहीसं होतंय याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नव्हती.

शाल्मलीच्याही नव्हती. मात्र एप्रिलच्या दोन तारखेला, परिषदेसाठी परिशिष्ट तयार करताना, तिने पोकळीच्या वाढीचा आलेख पहिल्यांदाच एका कागदावर सलग काढला आणि तिचा हात थांबला.

नोव्हेंबरमध्ये पोकळी दिवसाला सत्तावीसशे घनमीटर वाढत होती. जानेवारीत साडेअकराशे. मार्चअखेर जेमतेम पाचशे. रेषा आधी भरभर चढत होती, मग कलंडत, दमत गेली होती.

खोदणारी माणसं अशी दमत नाहीत. यंत्रं लावली की काम एका चालीने पुढे जातं, सरावाने वेगही वाढतो. पण ही रेषा तिने पाहिलेली होती. एम.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं ती साताऱ्याच्या भूजल कार्यालयात होती. महाबळेश्वरच्या उतारावरच्या एकोणीस झऱ्यांचं पाणी ती बादली आणि स्टॉपवॉच घेऊन मोजत हिंडायची. पाऊस संपला की झरा आधी झपाट्याने उतरतो, मग हळूहळू, आणि उन्हाळ्यात अगदी चिवटपणे थेंबाथेंबाने टिकून राहतो. रेषा हुबेहूब अशीच पडते.

सेमीर चुनखडीचा डोंगर होता. चुनखडी पाण्यात विरघळते, तिच्या पोटात तळी तयार होतात. हिवाळ्यात वरचं सगळं पाणी बर्फ होऊन बसतं. तळ्यात नवं पाणी येत नाही, जुनं खालच्या झऱ्यातून वाहत राहतं. तळं उतरतं आणि त्याच्या जागी हवा येते. दुर्बिणीला फक्त एवढंच कळतं की वस्तुमान कमी झालं. दगड गेला की पाणी गेलं, हे तिला कळत नाही.

"बस," केळुसकर सरांनी आलेख बघून चष्मा काढला. सर चौसष्ट वर्षांचे, मूळचे वेंगुर्ल्याचे. शाल्मलीला म्युऑन हा शब्द त्यांनीच शिकवला होता, आयोगात त्यांनीच आणलं होतं. "पोकळी खाली पसरट, वर कमान. पाण्याची पातळी सपाट असते, म्हणून तू पाणी म्हणतेस. बरोबर?"

"हो सर. आणि पोकळी वरून खाली वाढतेय."

"मोठं दालन खोदणारे इंजिनिअरही वरून खाली खोदतात. आधी छत, मग एकेक पायरी उतरत. जमीन सपाटच राहते."

"पण वेग कमी होतोय."

"काम संपत आलंय म्हणून. आता आत यंत्रं बसतील. म्हणूनच बारा तारीख."

सर उठले आणि खिडकीपाशी गेले. "हाल्वेनला मी पाहणीपथकात होतो, हे तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं, सगळ्यांनाच होतं. पण सरांनी तो विषय स्वतःहून कधी काढला नव्हता.

"एकोणतीस साली. खताचा कारखाना म्हणून दाखवला होता. मला वास आला होता, संशय आला होता. मी अहवालात लिहिलं, पुरावा अपुरा, आणखी सहा आठवडे निरीक्षण करावं." ते थांबले. "पाचव्या आठवड्यात वायू सोडला त्यांनी. नऊ हजार माणसं, शाल्मली. माझे सहा आठवडे पूर्णसुद्धा झाले नव्हते."

"सर, पण नेशमध्ये चाळीस हजार आहेत." नेश हे सेमीरच्या पायथ्याचं गाव. "डोंगर फोडला तर दरड गावावरच येईल."

"म्हणून दहा दिवस आधी सूचना देतोय. रेडिओवरून. गाव सोडा म्हणून." मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "पाणी आहे असं वाटणं पुरेसं नाही. मला दाखव."

दाखवायचं तर झरा मोजायला हवा होता. पोकळी दिवसाला जेवढी वाढते तेवढंच पाणी झऱ्यातून बाहेर पडत असेल, तर वाद मिटला. पण संशयित देशातल्या नागरिकाशी परस्पर संपर्क करायला आयोगाची सक्त मनाई होती. नोकरी जाण्याइतकी.

शाल्मलीने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विचार केला. मग मत्स्यखाद्य विकणाऱ्या एका कंपनीच्या यादीत तिला नेशचं एक नाव सापडलं: यूसुप, ट्राउट माशांची पैदास, झऱ्याच्या उगमाशी. थंड पाण्यातल्या माशांना पाणी किती येतं ते रोज बघावं लागतं, एवढं तिला ठाऊक होतं. तिने केबिनचं दार लावलं आणि फोन लावला. भाषांतराचं यंत्र मध्ये होतं. म्हाताऱ्याचा घोगरा आवाज आला की पाठोपाठ त्याचं मराठी एका तरतरीत मुलीच्या आवाजात ऐकू यायचं.

"कोण?"

"मी शाल्मली. भारतातून बोलतेय. झऱ्यांचं पाणी मोजायचं काम करायचे मी. तुमच्या झऱ्याला पाणी किती आहे, विचारायचं होतं."

मग यंत्रातली मुलगी म्हणाली, "एकोणचाळीस वर्षं मी पाणी मोजतो. आजवर कुणी विचारलं नाही."

"लिहून ठेवता?"

"रोज सकाळी. कधीपासूनचं वाचू?"

"नोव्हेंबरपासून."

त्याने वही आणली. तो वाचत गेला, ती लिहीत गेली. नोव्हेंबरच्या मध्याला सेकंदाला एकतीस लिटर. जानेवारीच्या मध्याला तेरा. आज सहा. तिने कागदाच्या कडेला गुणाकार केला. एकतीस लिटर म्हणजे दिवसाला सव्वीसशे अठ्ठ्याहत्तर घनमीटर. तेरा म्हणजे अकराशे तेवीस. सहा म्हणजे पाचशे अठरा.

तिने पेन खाली ठेवलं. डोंगराच्या आत जेवढं कमी झालं होतं, तेवढंच बाहेर वाहून गेलं होतं.

"बाई," यूसुप म्हणाला, "आता मी एक विचारू? रेडिओ सांगतो, अकरा तारखेच्या आत नेश सोडा. माझ्याकडे तीन लाख पिल्लं आहेत, बोटाच्या पेराएवढी. त्यांना घेऊन जाता येत नाही. सोडून जाऊ का?"

तिला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. पण चुकीचा धीर दिला आणि हा माणूस तिथेच थांबला तर?

"थांबा असं मी सांगू शकत नाही, काका," ती म्हणाली. "घरच्यांना आधी पाठवा. पण इथे आम्ही काही जण त्यावरच काम करतोय. मी स्वतः करतेय."

"बरं," यंत्रातली मुलगी म्हणाली. आणि मग, "पाणी मोजणारी माणसं चांगली असतात."

सरांनी आकडे पाहिले. तिन्ही गुणाकार त्यांनी स्वतः करून पाहिले.

"हे कुठून आणलंस?"

तिने सांगितलं.

"तुला निलंबित करावं लागेल."

"करा, सर. पण आकडे बघा."

"बघतोय." त्यांचा आवाज कोरडा होता. "पोकळीच्या वाढीचा तक्ता परिषदेने मार्चअखेरीस प्रसिद्ध केला. तो वाचून कुणीही असे आकडे बनवू शकतं. तुझा मासेवाला खरा असेल. किंवा ओर्झानच्या गुप्तहेर खात्यात असेल. तू त्याला पाहिलंयस?"

"नाही."

"मग मी परिषदेला काय सांगू?"

शाल्मलीला राग आला. आणि लगेच कळलं की ते बरोबर बोलताहेत. माणसाचा शब्द, वही, फोटो, सगळं बनवता येतं. ज्याच्यावर कुणाचाच हात चालत नाही असं काहीतरी हवं होतं.

"डोंगर भरेल," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कड्यावरचं बर्फ वितळलं की तळं परत भरेल. खोदलेलं दालन भरत नाही, सर. काढलेला दगड आपोआप परत जागेवर येत नाही. माझं खरं असेल तर कणांचा आकडा खाली येईल, दहा हजारांवरून शहाण्णवशेच्या खाली. मी तारीख सांगते. अठरा एप्रिलच्या आत."

"हल्ला बाराला आहे."

"म्हणून परिषदेसमोर मला दहा मिनिटं हवीत."

"दहा मिनिटं देतो. त्यानंतर मी तुझ्याविरुद्ध बोलेन. मला जे वाटतं ते मी बोलणार."

"तुम्ही तेच शिकवलंत."

दहा एप्रिलला शाल्मली परिषदेच्या पडद्यावर दिसली. अध्यक्षा श्रीमती अदेयेमी यांनी तिला बोलायला सांगितलं. तिने पाच मिनिटांत आलेख दाखवला आणि उरलेली पाच मिनिटं न वापरता म्हणाली, "मी तुमच्याकडे फक्त सहा दिवस मागते आहे. आत कारखाना असेल तर तो सहा दिवसांत कुठे पळून जाणार नाही. दुर्बीण त्याच्यावर डोळा ठेवून आहे. अठरा तारखेला दुपारी बारापर्यंत आकडा शहाण्णवशेच्या खाली आला नाही, तर मी चूक आहे, हे मीच सगळ्या जगासमोर सांगेन. पण मी बरोबर असेन आणि तुम्ही थांबला नाहीत, तर तुम्ही एका गावाचं पाणी फोडलेलं असेल, आणि शस्त्र होतं म्हणून सांगत फिराल. नंतर तिथे शोधायला काही उरणार नाही."

एका राजदूताने विचारलं, "आणि या सहा दिवसांत दुसरं हाल्वेन झालं तर?"

सर बोलायला उभे राहिले. ते हल्ल्याच्या बाजूनेच बोलले, नेहमीच्या ठामपणाने. मात्र शेवटी म्हणाले, "हाल्वेनला मी सहा आठवडे मागितले होते, पण काय बघणार आहोत ते मी सांगितलं नव्हतं. हिने आकडा सांगितलाय, दिवस सांगितलाय, आणि चूक ठरण्याची तयारी दाखवली आहे. मला हिचं पटलेलं नाही. पण हे नुसतं थांबणं नाही, हा प्रयोग आहे. आणि प्रयोगाला नाही म्हणायला मी शिकलेलो नाही."

आठ विरुद्ध सहा. अठरा तारखेपर्यंत मुदत मिळाली.

आणि तेरा तारखेला सेमीरवर पुन्हा बर्फ पडलं.

अंदाज होता उन्हाचा. तेरा, चौदा, पंधरा असे तीन दिवस कड्यावर उणे सहा. दुर्बीण रोज दुपारी बारा वाजता दिवसाचा आकडा द्यायची: दहा हजार चाळीस. दहा हजार वीस. दहा हजार पासष्ट. शाल्मलीला कँटीनमध्ये चहा घेताना शेजारचं टेबल रिकामं होताना दिसायचं. एका वर्तमानपत्राने तिचा फोटो छापून खाली लिहिलं, 'झऱ्यावर जग टांगणारी बाई'. तिने ते घडी करून बाजूला ठेवलं आणि हवामानाचा नकाशा उघडला.

सोळाला ढग गेले. कड्यावर अधिक सात अंश.

सतराच्या दुपारी आकडा आला: ९,८७०.

"सर!"

"हे काहीच नाही," सर म्हणाले. "शंभर इकडे, शंभर तिकडे होतंच. बस खाली."

पण ते स्वतः बसले नाहीत.

अठराला सकाळी अकरापासून केंद्रातले सगळेजण त्या एका खोलीत जमले. बारा वाजता पडद्यावरचा जुना आकडा पुसला गेला आणि नवा उमटला.

९,४८०.

कुणीतरी ओरडलं. सरांनी हात वर केला.

"हवेचा दाब? दाब वाढला तर कण कमी येतात."

"दुरुस्ती केलेली आहे," शाल्मली म्हणाली.

"शेजारची खिडकी दाखव. भरीव खडकाची. दुर्बीणच बिघडली असेल तर तिथेही आकडा पडेल."

तिने दाखवली. भरीव खडकातून येणारे कण जसेच्या तसे होते. गेले पाच महिने होते तेवढेच.

"तासातासाचे दे."

तिने दिले. सर पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि बोटाने एकेक तास वाचत गेले. पहाटेपासून आकडा पायरी पायरीने उतरत होता. पोकळीचा तळ वर सरकत होता, सपाट, आडव्या रेषेत. अशी वर येणारी जमीन जगात कुणी बांधत नाही.

"मोज गो," ते पुटपुटले, त्यांच्या वेंगुर्ल्याच्या बोलीत. "परत एकदा मोज."

तिने परत मोजलं. ९,४८०.

केळुसकर सरांनी फोन उचलला. त्यांनी अध्यक्षांना स्वतःच फोन केला, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल असं, ताठ उभं राहून सांगितलं. "मी केळुसकर. सेमीरमध्ये कारखाना नाही. मी चुकलो होतो. डॉ. जगदाळे बरोबर आहेत. विमानं उतरवा."

मग खोलीत जो गलका झाला त्यात कुणाचंच काही ऐकू आलं नाही. कुणीतरी खुर्चीवर चढलं, कुणी शाल्मलीला मिठी मारली. कँटीनचे पवारकाका चहाची किटली हातात घेऊनच नाचायला लागले. तिला रडू येत होतं आणि हसू आवरत नव्हतं. गर्दीतून वाट काढत सर तिच्यासमोर आले.

"तुझ्या निलंबनाचा कागद," ते म्हणाले, "मला टेबलावर सापडत नाहीये."

"शोधू का, सर?"

"नको."

त्या दिवशी हल्ल्याचा ठराव मागे घेतला गेला. पण परिषदेत त्याहून मोठी गोष्ट मे महिन्यात घडली. शस्त्रांच्या संशयावरून कुठल्याही देशावर हल्ला करण्याआधी, तो संशय कोणत्या आकड्याने आणि कोणत्या दिवशी खोटा ठरू शकेल हे लेखी सांगावं लागेल, असा नियम चौदाच्या चौदा राष्ट्रांनी मान्य केला. मसुदा केळुसकर सरांनी लिहिला. नियमाला त्यांनी जगदाळे कसोटी असं नाव दिलं आणि शाल्मलीने कितीही विरोध केला तरी बदललं नाही.

भीती उरली नाही, तसा ओर्झानच्या लष्करशहाचा रुबाबही उरला नाही. जूनमध्ये त्याच्याच मंत्र्यांनी निरीक्षकांना बोलावलं. जुन्या खाणीत दारूगोळ्याच्या गंजलेल्या पेट्या निघाल्या, पन्नास वर्षांपूर्वीच्या. ट्रक त्याच इकडून तिकडे हलवत होते. आणि त्याखाली, एका अरुंद भुयारातून शंभर पायऱ्या उतरल्यावर, शाल्मली आणि सर एका काठावर उभे राहिले. दिव्याचा झोत पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचत नव्हता. हिरवंगार, हलतही नसलेलं पाणी. मग सर गुडघ्यांची तक्रार करत खाली बसले, ओंजळ भरली आणि पाणी प्यायले.

बाहेर नेशमधली निम्मी माणसं जमली होती. घरं सोडून गेलेले सगळे परत आले होते. यूसुप पुढे आला. फोनवरच्या आवाजावरून वाटला होता त्यापेक्षा बुटका होता, गमबूट घातलेला. त्याने शाल्मलीचे दोन्ही हात धरले आणि पिल्लं आता तळहाताएवढी झाली म्हणून सांगितलं. मग सरांच्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं.

"यात काय लिहिलंय?"

सरांनी अहवालाची पहिली ओळ वाचली. यंत्राने ती मोठ्याने सगळ्यांना ऐकवली: सेमीर डोंगराच्या पोटात शस्त्रं बनवण्याचा कारखाना नाही, तळं आहे.

गर्दीत हशा पिकला. यूसुप मात्र गंभीरपणे सरांकडे बघत राहिला.

"हे तर इथल्या कुणीही सांगितलं असतं," तो म्हणाला. "तुम्ही विचारलंत कुठे?"

केळुसकर सरांनी मान हलवली. मग त्यांनी शाल्मलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला स्वतःच्या पुढे केलं.

"हिने विचारलं," ते म्हणाले.